ड्रमावरचं फडकं

नंदकिशोर शेतातलं सोयाबीन डवरून, तण काढून घरी आला, तेव्हा न्हाणीमागच्या निळ्या ड्रमात एक बाई कमरेपर्यंत गेलेली होती. पाय विटांवर, बाकीची आत.

"ओ मॅडम, पडल्या का?"

"नाही. अळ्या बघतेय," ड्रमातून आवाज आला.

मग ती बाहेर आली. कपाळावर टॉर्च, बटांवरून ठिबकणारं पाणी, हातात छोटी गाळणी. "सतरा आहेत!" ती इतक्या आनंदानं म्हणाली, की नंदकिशोरला उगाच अभिमान वाटला.

ती अर्पिता. यवतमाळची. डेंगूचा विषाणू डासाच्या मादीकडून अंड्यात आणि अंड्यातून अळीत उतरतो का, यावर तिचं संशोधन चाललं होतं. महागावजवळच्या या गावातली साठ घरं तिनं निवडली होती. दर बुधवारी यायचं, अळ्या गाळून न्यायच्या, ड्रम झाकायला सांगायचं. सलग तीन बुधवार अळी सापडली नाही, की घर यादीतून बाद.

नळ आठ दिवसांनी येई, त्यामुळे ड्रम ओतून देणं कुणालाच परवडत नव्हतं. नंदकिशोरची आई, कोकिळाबाई, रोज संध्याकाळी जुन्या लुगड्याचं फडकं ड्रमावर दोरीनं घट्ट बांधू लागल्या. पुढचे दोन बुधवार अळी नाही.

"अजून एक आठवडा," अर्पिता म्हणाली. "मग तुमची माझ्यापासून सुटका."

"मले घाई नाही," नंदकिशोर म्हणाला.

ती हसली... आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाताना कृषीची पदवी घेतलेल्या नंदकिशोरनं फडक्याची दोरी सोडली. मग रोजच सोडू लागला.

त्या बुधवारी अळ्या नऊ. पुढच्या बुधवारी बावीस.

"चावते ती मादीच म्हणता," तो एकदा म्हणाला. "मंग नर काय करते?"

"फुलांचा रस पितो. आणि मादीच्या पंखांचा आवाज कधी येतो, याची वाट बघतो."

"माह्यासारखंच हाय." मग घाईनं – "म्हंजे... रसाचं म्हणून राह्यलो."

अर्पिता मान खाली घालून वहीत बराच वेळ लिहीत राहिली. लिहिली होती फक्त तारीख.

बोलणी मात्र कोकिळाबाई खात होत्या. गावची आशा-सेविका कुंदा चार बायांसमोर म्हणायची, "काकू, साऱ्या गावानं झाकलं, तुमचाच ड्रम काहून उघडा?"

"बांधतो नं व मी... रोज बांधतो," त्या म्हणत. पण दर वेळी आवाज थोडा कमी होई. पुढे त्या गॅस बंद केला का, हे तीन-तीनदा पाहू लागल्या. दाराची कडी लागली का, ते बघायला वाटेतून परत येऊ लागल्या. नंदकिशोरला हे दिसत होतं. त्यानं दोरी सोडणं थांबवलं नाही.

आठव्या आठवड्यात कोकिळाबाईंना ताप भरला. पुसदच्या दवाखान्यात निदान झालं – डेंगू. प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या.

अर्पिता आली, तेव्हा तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता.

"फडकं मी सोडत होतो," तो म्हणाला. "तुम्ही येत राहा म्हणून."

ती शेजारी बसली. "कोणता डास कुठून आला, हे कुणीच सांगू शकत नाही, नंदकिशोर."

"हे सांगून मले माफ नका करू."

"करत नाहीये. मला माहीत होतं. पाचव्या आठवड्यापासून. फडक्यावर दोरीचा वळ ताजा असायचा. म्हणजे कुणीतरी बांधतंय आणि कुणीतरी सोडतंय. मी वहीत लिहिलं नाही. लिहिलं असतं, तर मुद्दाम उघडलेला ड्रम म्हणून घर बाद करावं लागलं असतं. आणि मला..."



"आता?" त्यानं विचारलं.

"आता घर बाद. आकडेही बाद. का, तेही माझ्या मार्गदर्शक सरांना सांगेन."

दुपारच्या रिपोर्टात प्लेटलेट थोड्या चढल्या. डॉक्टर म्हणाले, बोला, पण थोडं. दोघं आत गेले आणि मच्छरदाणीबाहेर उभं राहून दोघांनी आपापलं सांगितलं.

कोकिळाबाईंनी मान वळवून आधी एकाकडे, मग दुसरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे... बांधत होती मी?"

"रोज बांधत होती, माय."

त्यांनी डोळे मिटले. कडांतून पाणी उशीवर उतरलं. "मले वाटे, डोस्कं गेलं माह्यं."

नंदकिशोरनं जाळीवरूनच त्यांच्या पायांवर हात ठेवला. त्यांनी पाय ओढून घेतले. मग थोड्या वेळानं परत तिथंच सरकवले.

"तोंड होतं नं तुमच्यापाशी? दोघापाशी?" त्या हळूच म्हणाल्या. "मंग डास कायले घातला मधात?"

"चुकलं, माय. आता सांगतो..."

"मले नोको सांगू. तिले सांग." त्यांनी कूस बदलली. "अन् बाहीर जाऊन सांग. मले झोप येऊन राह्यली."