कापलेले श्वास

भाचीची खोली मीच तयार करून दिली. सुतारकामात हयात गेली, पण भिंतींना जाड लोकर ठोकून आवाज कोंडायचं काम पहिल्यांदाच केलं. माडीवरच्या त्या खोलीत ती एकटीच गायची आणि कॉम्प्युटरवर एकटीच साज चढवायची. पहिलाच अल्बम, नऊ गाणी. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत गाण्यांच्या कंपनीला पाठवायचा होता.

तिची एक रीत होती. दोन ओळींच्या मध्ये गाणारा श्वास घेतो, तेवढा ती कापून बाजूला ठेवायची. आवाज पाण्यासारखा सलग हवा, म्हणायची. मी म्हणालो, लाकडातल्या सगळ्या गाठी काढत बसलीस तर दार उरायचं नाही. त्यावर ती हसली, सुताराला सगळीकडे दारंच दिसतात म्हणाली.

सहावं गाणं झालं आणि ती जिन्यात थांबायला लागली. आठव्यानंतर एक वाक्य दोन तुकड्यांत बोलायची. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. फुप्फुसं स्वच्छ होती, विश्रांती सांगितली. नववं गाणं कापून झालं तेव्हा तिचे ओठ निळसर होते.

गुरुवारी सकाळी मी तिच्याजवळ बसलो. साठीनंतर अक्षरं शिकलो, म्हणून दिसेल ते बोट ठेवून वाचतो. पडद्यावर एका फोल्डरचं नाव होतं, ‘श्वास’. खाली आकडा, चारशे बारा.

"हे परत लाव," मी म्हणालो.

"अल्बम... बिघडेल, मामा."

"बिघडू दे. तू राहा."

मग तिने पहिला श्वास उचलून जागेवर ठेवला.

तिसऱ्या गाण्यापर्यंत ती अख्खं वाक्य बोलायला लागली. सहाव्याला उठून स्वतः खिडकी उघडली. शुक्रवारी साडेअकराला शेवटचा श्वास लागला. फोल्डरखाली शून्य आलं. तिच्या गालांवर रंग होता. अल्बम गेला, घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

खाली चहा घेतला. मी चष्म्यातून बोट ठेवून वाचतो त्याची तिने नक्कल केली, मी पोटभर हसलो. मग ती जिना धावत चढली. मीही मागोमाग गेलो.

फोल्डरखाली शून्याच्या जागी एकचा आकडा होता.

तिने तो तुकडा लावला.

तिचे सगळे श्वास आत घेतलेले होते. हा सोडलेला होता. लांब, निवांत, जिवावरचं ओझं उतरल्यावर सुटतो तसा.

"हा माझा नाही, मामा."

शेजारी तो तुकडा नोंदला गेल्याची वेळ होती. मी बोट ठेवून वाचली. बारा वाजून दहा मिनिटं.

तेव्हा आम्ही दोघं खाली चहा पीत होतो. माडीवर नुसती खोली होती.