येताना पंधरा

परसाची लांबी मोजायला आम्हाला दोन दिवस लागले. खरं तर ते पंधरा मिनिटांचं काम.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नात. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. शाळेला सुट्टी लागली आणि माझी लेक तिला दोन आठवड्यांसाठी माझ्याकडे सोडून गेली. जाताना चपला घालता घालता म्हणाली, "बाबा, हिला न्यायला येईन तेव्हा तुमचंही सामान बांधून ठेवा. आता एकटं राहणं पुरे."

मी दोनदा गॅसवर दूध विसरलो होतो, आणि एकदा रोजच्या रस्त्याने घरी येताना वळण चुकलो होतो. शेजाऱ्यांनी ते तिच्या कानावर घातलं. मी सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं आहे. पुरावा कशाला म्हणतात ते मला कळतं. म्हणून वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "मागच्या परसात बाग करायचं मनात आहे. मोजमाप, नकाशा, आखणी सगळं मी करतो, तू तपास. चूक निघाली तर मुकाट्याने तुझ्याबरोबर येतो. नाही निघाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

लेक इमारतींचे नकाशे तपासायचं काम करते. कागदावरची अर्ध्या इंचाची लबाडी तिला लांबून दिसते. ती हसली. "ठरलं," म्हणाली.

परस साधंच आहे. स्वयंपाकघराच्या दारापुढे तीन पायऱ्या, मग कपडे वाळत घालायची तार, डावीकडे पाण्याचा नळ, मधोमध तोडलेल्या झाडाचं गुडघ्याएवढं खोड आणि शेवटी विटांची भिंत. भिंगरीने टेपचं टोक खालच्या पायरीला धरलं, मी भिंतीपर्यंत चालत गेलो. बेचाळीस फूट.

"आता ताळा," मी म्हटलं. माझ्या वर्गात ताळ्याशिवाय उत्तराला अर्धेच गुण असत. मी टोक भिंतीला धरलं आणि भिंगरी टेप उलगडत पायरीपर्यंत गेली.

"पंचेचाळीस!"

"टेप ढिली पडली असेल. ताण जरा."

"ताणलीय आजोबा. हात दुखायला लागला."

जागा बदलल्या, पुन्हा मोजलं. मग लांब दोरी घेऊन तिला फुटाफुटावर गाठी मारल्या. जाताना बेचाळीस गाठी, येताना पंचेचाळीस, आणि दोरी तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांनी मोजलं. तीच गत.

"त्यात काय एवढं?" भिंगरी खोडावर बसून पाय हलवत म्हणाली. "शाळेत जाताना रस्ता लांब असतो आणि येताना छोटा. इथे उलटं आहे."

मी काही तिच्याइतका शहाणा नाही. मी दिवसभर येरझारा घातल्या. येताना खोड जवळ आलं की एक पाऊल असं पडायचं की पायाखाली जमीन मऊ लागायची. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज, कुणी हळूच दार लोटावं तसा, कमी व्हायचा. पुढच्या पावलाला सगळं होतं तसं. भीती म्हणाल तर वाटली नाही. मुलं मान खाली घालून लिहीत असतात तेव्हा वर्गात जी शांतता असते, ती तिथे होती.

प्रश्न नकाशाचा होता. नुसतं बेचाळीस लिहिलं असतं तर लेकीने मान डोलावली असती. पण ताळा न जुळलेलं उत्तर मी फळ्यावर कधी ठेवलं नाही. दोन्ही आकडे लिहिले. जाताना बेचाळीस, येताना पंचेचाळीस.

मग माळी आला. पायरीपासून भिंतीपर्यंत दगडी फरश्यांची पायवाट करायची होती, तीन फुटांना एक फरशी. म्हणजे चौदा. त्याने चौदा आणल्या, दुपारपर्यंत बसवल्या, भिंतीजवळची शेवटची ठोकून तो परत आला आणि पायरीपाशी डोकं खाजवत उभा राहिला.

"मास्तर, चौदाच होत्या ना?"

"चौदाच."

"मग आता येताना पंधरा कशा लागल्या?"

"पुन्हा मोज."

"नको," तो म्हणाला. "माझं गणित कच्चं. कुणाच्या हाताखाली शिकलो ते तुम्हाला ठाऊकच आहे." तो हसला, पण त्यानंतर परसात कडेकडेनेच चालायचा.

भिंगरीने पायरीपासून सुरू करून प्रत्येक फरशीवर खडूने आकडा घातला. एक ते चौदा. येताना नऊ आणि आठ यांच्या मध्ये एक कोरी फरशी लागायची. उभं राहून मोजल्या तर कुठूनही चौदाच.

लेक ठरल्या दिवशी सकाळी आली. चहा व्हायच्या आत तिने नकाशा मागितला. फुलझाडांचे वाफे, नळापाशी भाजी, खोडावर बसायला फळी. तिचं बोट फिरत होतं, मान हलत होती. मग बोट थांबलं.

"बाबा, एका परसाच्या दोन लांब्या?"

आवाज तिने मऊ ठेवला होता, आजारी माणसाशी बोलताना ठेवतात तसा. मला त्याचंच जास्त लागलं.

"चालून बघ," मी म्हटलं. "फरश्या मोज."

"आई, मोठ्याने मोज हं!" भिंगरी ओरडली.

ती पायऱ्या उतरली. आमच्या समाधानासाठी मोठ्याने मोजत गेली. चौदा म्हणून तिने भिंतीला हात लावला, वळली आणि पुन्हा एकपासून मोजत यायला लागली.

चार. पाच. सहा.

सात आलंच नाही.

ती खाली बघत उभी होती. मग मागे बघितलं, मग पुढे. तारेवरचा टॉवेल हलायचा थांबला होता.

उरलेल्या फरश्या ती न मोजता आली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली.

"किती?" भिंगरीने विचारलं.

लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, सामान बांधा. आजच निघू."

"ठरलं काय होतं?"

"ठरलेलं राहू दे."

"नकाशात चूक आहे का ते सांग."

तिने नकाशा पुन्हा मांडीवर घेतला. दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं.

"नाही," ती म्हणाली. "चूक नाही." आणि पर्समधून पेन काढून, कचेरीत करते तशी, खाली कोपऱ्यात 'तपासले' असं लिहून सही केली. "हट्टी आहात."

"तुझाच बाप."

दोघी गेल्या. वाफ्यांमध्ये रोपं धरली आहेत. दूध गॅसवर ठेवलं की मी तिथून हलत नाही. सकाळी पाणी घालत भिंतीपर्यंत जातो, परत येतो. त्यांना जाऊन चार दिवस झाले तेव्हा परतताना त्या कोऱ्या फरशीवर खडूच्या रेघा दिसल्या. वाकून पाहिलं.

नऊ होता. उलटा. शेजारच्या फरशीवरून बघून काढलेला, पण तोंड भलतीकडे. पहिलीतली निम्मी मुलं असाच काढतात. भिंगरीचे आकडे ठसठशीत असतात. हा तिचा नव्हता.

सदतीस वर्षांची सवय. मी खिशातून खडू काढला, शेजारी ठिपक्याठिपक्यांचा सरळ नऊ काढून दिला आणि खडू तिथेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ठिपके गिरवलेले होते. खडू झिजून अर्धा झाला होता.

आता चांगलं चाललं आहे. वीसपर्यंत आलो आहोत. सहा आणि नऊमध्ये अजून गोंधळ होतो, पण रागावून काही होत नाही. दाखवावं, आणि वेळ द्यावा. रविवारी लेकीचा फोन येतो. "एकटं वाटत नाही ना बाबा?" ती विचारते. "नाही गं," मी म्हणतो, आणि ते अगदी खरं आहे.

आज सकाळी पाणी घालून झाल्यावर भिंतीपासून नेहमीसारखा मोजत आलो.

सोळा.

नव्या फरशीवरही एक नऊ होता. उलटाच, पण वळण वेगळं. हा डावखुरा असावा.