बाजूचा दिवा, समोरचा दिवा

एक कल्पना करा बरं. तुम्ही गोल स्टुलावर बसला आहात. मागे निळा कागद ताणलेला, पुढे कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागून एक अनोळखी आवाज येतो, “हनुवटी वर… जरा डावीकडे… हसू नका.” आता सांगा, हसू येईल की नाही?

तिलाही आलं.

“हसू नका म्हटलं ना!” फोटोग्राफर म्हणाला.

“तुम्ही म्हणता म्हणूनच येतंय.”

“बरं, मग हसा. मनसोक्त हसा!”

ती झटकन गंभीर झाली, आणि त्यानं बटण दाबलं. “आलात ना जाळ्यात?”

“मावशी, हा काका आगाऊ आहे,” कोपऱ्यातून भाची म्हणाली. भाची नऊ वर्षांची. शाळेला सुट्टी आणि आई कामावर, म्हणून ती मावशीबरोबर आली होती. तिचं बोलणं चिमटा काढल्यासारखं, म्हणून घरात सगळे तिला चिमटीच म्हणत.

मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, कानामागची दांडी वाकवून नीट करायची. म्हणजे दिवसभर कुणाचा ना कुणाचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. आणि तिच्या दोन्ही गालांवर शाळेपासूनचे मुरुमांचे खड्डे होते. गिऱ्हाइकं बघायची, मग घाईघाईनं दुसरीकडे बघायची. ते दुसरीकडे बघणंच तिला जास्त लागायचं. म्हणून ती या त्वचेच्या दवाखान्यात आली होती… व्हिटॅमिन ‘ए’चं पील, म्हणजे वरची कातडी सोलवणारा लेप, करावा का, नुसतं विचारायला. आधी फोटो आणि मग डॉक्टरबाई, अशी तिथली पद्धत.

डॉक्टरबाईंनी सगळं सरळ सांगितलं. पिवळा लेप लावायचा, काही तास ठेवून घरी धुवायचा. दोन-तीन दिवसांनी कातडी सुटायला लागते, आठवडाभर सुटते. ओढायची नाही, उन्हात जायचं नाही. “घाई नाही,” त्या म्हणाल्या. “विचार करा आणि मग या.”

विचार करायला ती घरी गेली, आणि चौथ्या दिवशी फोटोग्राफर तिच्या दुकानात हजर. चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणे. तिनं आवळून दिला. आठवड्यानं पुन्हा सैल. पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी तिनं भिंग लावून पाहिलं.

“यावर चाकूचे ओरखडे आहेत.”

“असं? कमाल आहे…”

“स्वतःच सैल करता आणि येता?”

त्याचे कान लाल झाले. “दुसरा बहाणा सुचला नाही. तुम्हाला सुचत असेल तर सांगा.”

“चहा,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

मग चहा सुरू झाला. दुकानामागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांवर बसून. एके दिवशी तो म्हणाला, “एक गुपित सांगू? ‘आधी’चा फोटो मी बाजूच्या दिव्यात काढतो. प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. ‘नंतर’चा काढतो समोरच्या दिव्यात. सावलीच नाही, तर खड्डा कुठला? निम्मं पील माझे दिवेच करतात. दवाखान्याच्या मालकांचा हुकूम आहे.”

“म्हणजे फसवता की!”

“नोकरी करतो. पण तुला नाही फसवत.”

‘तुला’ म्हणाला… दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघंही चहाच्या कपात बघत राहिले.

“तू ते पील करू नकोस,” तो हळूच म्हणाला. “मला तू अशीच…”

“अशीच काय?”

“अशीच आवडतेस.”

त्या दिवशी तिनं एका आजोबांना दोनदा चुकीची फ्रेम दिली.

चार महिने असे गेले. तो गालाकडे बघून दुसरीकडे न बघणारा पहिला माणूस होता. तिनं ताईला, चिमटीच्या आईला, सांगितलं. चिमटीला तर सगळं आधीच माहीत होतं.

आणि मग एका दुपारी तो म्हणाला, “आईला तुझा फोटो दाखवला. तिला तू इतकी आवडलीस! पुढच्या महिन्यात भेटायचं म्हणते.”

“कुठला फोटो?”

तो चष्मा पुसत राहिला. “समोरच्या दिव्यातला. पहिल्या दिवशीच एक काढून ठेवला होता.”

तिचा हात गालाकडे गेला.

“तेवढं पील करून घे ना भेटीआधी. एकदाच. मला काय, मला चालतं गं… पण आईला एकदम धक्का नको.”

‘आवडतं’ होतं, त्याचं ‘चालतं’ कधी झालं, तिला कळलंच नाही. रात्रभर तळमळली. सकाळी स्वतःला म्हणाली, आठ दिवसांची तर कातडी. त्यापायी एवढं माणूस गमवायचं का? आणि चिमटीचा हात धरून दवाखान्यात गेली.

चेहरा धुऊन झाला. केसांना पट्टी बांधली. वाटीत पिवळा लेप तयार होता. सहीचा कागद हातात घेऊन तिनं त्याच्याकडून मोबाइलवर मागून घेतलेला तो फोटो डॉक्टरबाईंना दाखवला. “मी अशी दिसेन?”

डॉक्टरबाईंनी फोटो नीट पाहिला. “रंग एकसारखा होईल. डाग फिके पडतील. पण खड्डे पीलनं भरत नाहीत हो. दहा वेळा केलं तरी अशा नाही दिसणार तुम्ही. हे औषधाचं काम नाही, दिव्याचं आहे.”

तिनं पेन खाली ठेवलं.

तो बाहेरच उभा होता. “झालं?”

“खड्डे भरत नाहीत. तुला माहीत होतं.”

“थोडा तरी फरक पडला असता… वर मेकअप केला असता…”

“आणि लग्नानंतर? घरभर समोरचे दिवे लावले असतेस?”

“असं नको ना बोलू. आता मी आईला काय सांगू?”

“सांग, उजेड चांगला होता.”

ती निघाली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मात्र तिचे पाय थांबले. ती तिथंच बसली आणि ओढणीत तोंड लपवून रडू लागली. चिमटी थोडा वेळ शेजारी बसली. मग उठली, पुन्हा वर गेली आणि फोटोच्या खोलीचं दार ढकललं.

तो कॉम्प्युटरसमोर बसला होता.

“मावशीचे फोटो पुसा,” ती म्हणाली. “सगळे. माझ्यासमोर.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं एकेक पुसायला लागला. बाजूच्या दिव्यातले गेले. समोरच्या दिव्यातले गेले. शेवटी एक उरला. खोक्यावर बसलेली मावशी, हातात कप, खो खो हसताना. गालांवरचे सगळे खड्डे दिसत होते.

“हा राहू दे ना गं,” तो म्हणाला. “हा दिव्याचा नाही. हसली म्हणून काढला. मला सगळ्यात आवडतो हा.”

चिमटीनं तो फोटो खूप वेळ पाहिला. तिलाही तो आवडला.

“मग तुमच्या आईला हा का नाही दाखवलात, काका?”

तिनं घाई केली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना बघत ती उत्तरासाठी थांबली.

मग पुढे झाली आणि तिनं स्वतःच पुसायचं बटण दाबलं.