सात अंश

प्रतिकृतीतल्या चालकाचं हेल्मेट डावीकडे कललेलं होतं. नेरिस प्रॉसरने कोनमापक त्याच्या कडेला टेकवला, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली आणि वहीत लिहिलं: सात अंश.

हेल्मेट पपनसाएवढं होतं. शर्यतीच्या खऱ्या गाडीच्या साठ टक्के आकाराची ती प्रतिकृती विंड टनेलमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या बोगद्यात, एका पोलादी दांड्याला लटकत असे. तिच्यात चालक म्हणून होतं ते फक्त भरीव नायलॉनचं डोकं, चार स्क्रूंनी बसवलेलं. काचेच्या जागी काळा रंग.

"बर्नार्ड, हे ढिलं राहिलंय."

"माझ्या हातचं?" बर्नार्ड टिबल्स पाना घेऊन वाकला. बोगद्यात प्रतिकृती जोडण्याचं काम तो बोगदा बांधल्यापासून करत होता. "पोरी, तीस वर्षं डोकी बसवतोय मी. कललेलं एकच डोकं बघितलंय, ते वरच्या मजल्यावर बसतं."

स्क्रू चारही घट्ट होते. तरी त्याने ते सोडवले, डोकं सरळ केलं, पुन्हा आवळले. दोघं बाहेर आले, दार बंद झालं, वारा सेकंदाला पन्नास मीटरवर गेला. वीस मिनिटांनी नेरिस पुन्हा आत गेली.

सात अंश.

वरच्या मजल्यावरचं डोकं म्हणजे डेझमंड कील, हवेच्या विभागाचा प्रमुख. तो दुपारी आकड्यांचा कागद हातात घेऊनच आला.

"इंजिनात जाणारी हवा वाढलीय. काय केलंस?"

"काही नाही. हेल्मेट कलतंय. त्यामुळे त्याच्यामागचं हवेचं तोंड मोकळं होतंय."

"मग कलू दे की!"

या धंद्याला ही एक खोड आहे. आकडा वाईट आला तर तीन दिवस त्याची चिरफाड होते. चांगला आला तर लोक चहा घेतात. बोगद्याचे तास नियमाने मोजून मिळतात, हंगाम पाच आठवड्यांवर आला होता, आणि त्या वर्षीच्या गाडीला मागचा पंख ताठ केला तर वळणावर पकड मिळे पण सरळ रस्त्यावर वेग जाई, पंख पाडला तर उलटं. दोन्हीकडून ओढाताण असताना कुणाचंही काही न बिघडवता मिळालेली हवा कोण नाकारणार?

"नवा चालक, लासे, गुरुवारी सीटच्या मापाला येतोय," डेझमंड म्हणाला. "त्याला तूच समजावून सांग. तुला छान जमतं ते."

हे त्याने कागदावरून नजर न काढता म्हटलं. नेरिसने त्याच्याकडे बघितलं. त्यालाही आठवत होतं तर.

दोन वर्षांपूर्वी, कॅन्टीनबाहेर किटलीपाशी, तिने तेव्हाचा चालक फिन्टन रॅफर्टी याला हेच सांगितलं होतं. सरळ रस्ता लागला की मान डावीकडे घे, एवढीच. आणि तिने दोन बोटं जोडून दाखवली होती. डेझमंड मागे उभा राहून बिस्किट खात होता. फिन्टन हसला होता. "तू म्हणशील तर मी डोकं घरी ठेवून येईन, नेरिस."

किंमत तिने आधीच मोजून ठेवली होती. सीट खोल, मान डावीकडे गेली की उजव्या चाकाच्या पलीकडचा दीड मीटर रस्ता दिसेनासा होतो. सरळ रस्त्यावर त्या दीड मीटरमध्ये कुणी नसतं. बदल्यात दर फेरीला सेकंदाचे चार शतांश. तिला तो सौदा चोख वाटला होता.

सप्टेंबरात, सरावाच्या दिवशी, त्या दीड मीटरमध्ये एक बंद पडलेली गाडी होती.

फिन्टन गेला. चौकशी मंडळाने चाकं तपासली, ब्रेक तपासले, शेवटी लिहिलं: चालकाचं दुर्लक्ष. किटलीपाशी काय बोलणं झालं ते कुणी विचारलं नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. "विचारलं असतं तर सांगितलं असतं," डेझमंड तेव्हा म्हणाला होता. नेरिसनेही तेच वाक्य स्वतःला पुष्कळदा म्हणून दाखवलं होतं.

वेक्सफर्डहून फिन्टनच्या आईचं पत्र आलं होतं. ते अजून तिच्या टेबलाच्या खणात होतं. 'लहानपणी तो आमच्या गल्लीतला रस्तासुद्धा दोनदा बघून ओलांडायचा. मग त्या दिवशी तो समोर का बघत नव्हता, हे तुमच्यापैकी कुणी सांगू शकेल का?' नेरिसने उत्तर पाच वेळा सुरू केलं होतं. पाचही कागदांवर 'प्रिय मिसेस रॅफर्टी' एवढंच होतं.

त्या संध्याकाळी तिने दोन बोटं मोजपट्टीवर ठेवली. साडेतीन सेंटीमीटर. मानेच्या बुडापासून हेल्मेटच्या माथ्यापर्यंत अठ्ठावीस. भागाकार करून कोन काढला, सात अंश आला, आणि पेन खाली ठेवलं. प्रतिकृती लहान केली तरी कोन बदलत नाही.

बुधवारी सकाळी बर्नार्डने स्क्रूंवर इपॉक्सी गोंद ओतून डोकं पक्कं केलं. चाचणीनंतर सात अंश. इपॉक्सीला कुठे चीर नव्हती. नेरिसने भिंगातून बघितलं, मग बर्नार्डने बघितलं.

"वाऱ्याच्या जोराने नायलॉन वाकलं असेल," तो म्हणाला.

"आता वारा बंद आहे, बर्नार्ड. तुम्हीच दाबून बघा."

त्याने डोक्याकडे हात नेला, पण लावला नाही.

चाकांवर रोखलेला एक कॅमेरा नेरिसने हेल्मेटकडे वळवला. बोगद्यात प्रतिकृती स्थिर नसते; दांडा तिला एका फेरीतल्या सगळ्या अवस्थांमधून नेतो. ब्रेक लागला की नाक खाली, वळणावर अंग तिरपं, सरळ रस्त्यावर सपाट. वारा तेवढाच, दिशा जवळजवळ तीच.

ब्रेकखाली हेल्मेट सरळ होतं. वळणावर सरळ होतं.

प्रतिकृती सपाट झाली, आणि डोकं सावकाश डावीकडे गेलं.

पुढचं वळण आलं. डोकं उभं राहिलं.

चाचणी नेहमी सरळ रस्त्याच्या अवस्थेत संपते. म्हणून ते दर वेळी कललेलं सापडत होतं. बर्नार्डने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि घातलाच नाही. "मला काही विचारू नकोस," तो म्हणाला. "मे महिन्यात मी निवृत्त होतोय."

नेरिसने ती चित्रफीत डेझमंडला दाखवली. त्याने ती दोनदा बघितली.

"कुठला तरी सांधा सैल आहे."

"आणि तो सांधा सरळ रस्ता ओळखतो?"

"नेरिस, फायदा खरा आहे की नाही? मग? दोन वर्षं झाली. आता बोलून त्या पोराचं काय भलं होणार आहे? तुझं मात्र वाटोळं होईल. आणि माझंही."

गुरुवारी अकराला लासे आला. चोवीस वर्षांचा, डॅनिश, उंच. मोजमाप करणाऱ्यांनी खांद्यावर चिकटवलेल्या पट्ट्या तशाच होत्या. बाहेर जुन्या विमानतळाच्या धावपट्टीच्या काँक्रीटवर गारा पडत होत्या. बोगदा बंद होता. वारा नाही, चाकांखालचा फिरता पट्टा थांबलेला, दांडा वळणाच्या अवस्थेत ठेवलेला. काचेपलीकडे हेल्मेट ताठ उभं होतं.

"हा मी काय?" लासे काचेला नाक लावून म्हणाला. "माझ्यापेक्षा देखणा आहे. हात नाहीत, पाय नाहीत."

"आणि तोंडही नाही," डेझमंड म्हणाला. "आदर्श चालक. नेरिस, सांग ना त्याला."

"काय सांगायचंय?" लासेने विचारलं.

"सरळ रस्त्यावर," नेरिस म्हणाली आणि थांबली.

"मानेचं," डेझमंड म्हणाला. "किती ते दाखव."

तिला हात उचलायचा नव्हता. तो सवयीने उचलला गेला. दोन बोटं, जोडलेली.

"एवढंच?" लासे हसला आणि त्याने मान डावीकडे घेतली.

नेरिस त्याच्याकडे बघत नव्हती. काचेपलीकडे, वारा नसताना, वळणाच्या अवस्थेत, इपॉक्सीत पक्कं केलेलं डोकंही कललं होतं. गुमान. तिने सांगितलं होतं तेवढंच.

बर्नार्ड दाराकडे सरकला. डेझमंडने मान खाली घातली.

एक काचेच्या आत, एक बाहेर. कोनमापक लावायची गरज नव्हती.

तिने बोटं मिटली.

"लासे, मान सरळ कर," ती म्हणाली. "फिन्टनला हे मी शिकवलं होतं. म्हणून त्याला ती गाडी दिसली नाही. चौकशी मंडळाला मी आजच कळवणार आहे, पण आधी त्याच्या आईला फोन करते."