या हं आमच्याकडे

दिवा राहू दे तसाच. सांगते, पण मधे काही विचारू नका, नाहीतर माझ्याच्याने पुढे बोलवणार नाही.

सासूबाईंना परदेशात फिरायला न्यायचं हा माझ्या नवऱ्याचा हट्ट. सासरे गेल्यापासून त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. "मला काय करायचंय तिकडे जाऊन?" हे त्यांचं एकच पालुपद. पण एकदा आल्या आणि चक्क रमल्या. संग्रहालयात हात तुटलेल्या पुतळ्यासमोर उभ्या राहून म्हणायच्या, "एवढी श्रीमंती आहे, मग बिचारीला हात का नाही बसवून घेत?" चांदीच्या भांड्यांचं दालन बघितलं की त्यांना पहिला प्रश्न पडायचा, हे सगळं घासायचं कुणी.

भाषेची तर त्यांना अडचणच नव्हती. मराठीशिवाय एक अक्षर येत नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नाही. फळवाली असो, बसचा ड्रायव्हर असो, त्या सरळ मराठीत सुरू व्हायच्या. समोरचा त्याच्या भाषेत उत्तर द्यायचा. दोघंही मान डोलवायचे आणि गंमत म्हणजे काम होऊन जायचं. आम्ही हसायचो. म्हणून त्या दिवशीही मी आधी हसलेच.

राजवाडा बघायचा आम्ही शेवटाकडे ठेवला होता. दुपारची वेळ होती, आभाळ भरून आलेलं. आमची चिंगी, पाच वर्षांची, चालून चालून कंटाळली होती. तिकिटाच्या खिडकीपाशी तिने फतकलच मारली. नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी या बघून. मी हिला घेऊन समोरच्या कॅफेत बसतो." मी दोन तिकिटं काढली आणि आम्ही सासवा-सुना आत गेलो.

आत गर्दी नव्हती. एका खोलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशा खोल्या एकात एक निघत होत्या. कापडाचे रंग उडू नयेत म्हणून जाड पडदे ओढलेले. उजेड असा पिवळट, जुन्या तुपासारखा. पायाखालच्या लाकडी फळ्या करकरायच्या, आणि आपण थांबलो तरी मागे कुठेतरी एखादी फळी उशिराने करकरायची. मेणाचा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक, बंद कपाटात ओलं फडकं राहून गेल्यासारखा.

कोपऱ्यातली खोली मुलांची होती. लाल दोरीपलीकडे छोटे छोटे पलंग, त्यांच्यावर विरलेल्या जाळ्या. पलंगांच्या मधे एक बुटकी खुर्ची, हात नसलेली, मांडीवर मूल घेऊन बसायची असते तशी. मागच्या भिंतीवर निळा कागद आणि त्या कागदातच एक दार. दोरीच्या अलीकडे लोकांना टेकायला बाक होता. सासूबाई त्यावर बसल्या.

"तू ये वरचं बघून," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे नको म्हणतायत."

"इथून हलू नका हं, आई."

"कुठे जातेय मी? मला काय रस्ता माहितेय?"

वर आरशांचं दालन होतं. मी चार फोटो काढले आणि खाली उतरले. जिन्यातच सासूबाईंचा आवाज कानावर आला. कुणाशी तरी त्या निवांत गप्पा मारत होत्या. "हो ना." मग थांबायच्या. "अगबाई, मग?" पुन्हा थांबायच्या. दुसऱ्या माणसाचा आवाज काही ऐकू येत नव्हता. पण त्या थांबत होत्या ते अगदी बरोबर, कुणीतरी एक वाक्य बोलावं तेवढंच.

मी दारात पोचले तेव्हा त्या बाकावर एकट्याच होत्या. तोंड त्या बुटक्या खुर्चीकडे.

"आत्ताच गेल्या बघ," त्या म्हणाल्या. "जरा आधी आली असतीस तर भेट झाली असती."

"कोण?"

"इथल्याच बाई कुणीतरी. त्या तिथे बसल्या होत्या. बोलायला इतक्या गोड. आणि मराठी काय स्वच्छ, आपल्याहून चांगलं."

मी हसले. "आई, फळवालीसुद्धा तुम्हाला मराठी बोलणारीच वाटते."

त्या हसल्या नाहीत. "फळवालीचं मला कळत नाही, मी आपली अंदाजाने बोलते. हिचं कळत होतं. त्या निळ्या दारातून गेली आत."

शेजारच्या खोलीत गणवेशातला एक पहारेकरी खुर्चीवर बसून होता. का कोण जाणे, मी त्याला जाऊन विचारलं, या दारामागे काय आहे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आमचं बोलणं झालं. तो उठून आला, दोरी ओलांडली आणि त्या दारावर बोटाच्या पेरांनी ठोकलं. लाकडाचा आवाज आलाच नाही. ते दार नव्हतं. समोरासमोर दोन दारं दिसावीत, म्हणून भिंतीवर रंगवलेलं चित्र होतं ते, कडी-बिजागऱ्यांसकट. त्याने शेजारच्या खिडकीचा पडदा सारून दाखवला. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं. सरळ खाली बाग.

इथे कुणी बाई कामाला आहे का, मी विचारलं. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "तुमच्याबरोबर लहान मूल आहे?"

"आहे. बाहेर आहे."

"बाहेर आहे तर ठीक," तो म्हणाला, आणि पडदा पुन्हा नीट ओढून घेतला.

मी सासूबाईंचा हात धरला आणि निघाले. अंगणात फरसबंदी ओली होती. त्यांचे गुडघे दुखत होते, तरी मी त्यांना जवळजवळ ओढतच नेत होते.

"काय काय विचारलं हो तिने?"

"विचारेल काय? कोण कोण आलायत, घरी कोण असतं. नात आहे म्हटल्यावर खूश झाली. केवढी आहे, झोपते का नीट, निजवतं कोण."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, आत्ता समोरच्या कॅफेत आहे बापाबरोबर. झोपेला आली असेल."

माझे पाय आपोआप भराभर पडायला लागले.

"आणि?"

"आणि काय? निघताना म्हटलं, या हं आमच्याकडे. आपण म्हणतोच की." सासूबाईंना धाप लागली होती. "तर म्हणाली... येते."

निरोप घेताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. मी रोज म्हणते, ऑफिसला निघताना, शेजारणीच्या दारातून वळताना. त्या ओल्या अंगणात पहिल्यांदा मला तो शब्द जसा आहे तसा ऐकू आला.

कॅफेत नवरा खिडकीपाशी कॉफी पीत बसला होता. त्याच्या शेजारी गादीच्या लांब बाकावर चिंगी झोपलेली. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात तो म्हणाला, "वेणी छान घातलीस."

"कुणी?"

"तूच. मी कॉफी आणायला काउंटरवर गेलो होतो, तिथल्या आरशात दिसलीस पाठमोरी. हिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होतीस. कप घेऊन वळलो तर गेलेली. म्हटलं, आईला आणायला गेली असशील परत."

चिंगीचे केस खांद्यापर्यंतसुद्धा येत नाहीत. त्या केसांच्या अगदी बारीक, घट्ट वेण्या घालून डोक्याभोवती गुंडाळल्या होत्या. पिन नाही, रबर नाही. टोकं पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकली होती. टाके असे सुबक, की उशीच्या अभ्र्यालासुद्धा कुणी घालणार नाही. मी वाकून तिच्या डोक्याचा वास घेतला. मेण, आणि त्याखाली ते ओलं फडकं.

"चिंगे, उठ बाळा."

ती उठली नाही. मी हलवलं, गालावर पाणी लावलं, नाव घेऊन हाका मारल्या. श्वास व्यवस्थित चालला होता, चेहरा शांत. पण हात उचलून सोडला तर तो तसाच खाली पडायचा.

टॅक्सीने हॉटेलवर आणलं. हॉटेलवाल्यांनी डॉक्टर बोलावला. त्याने डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, छाती तपासली. ताप नाही, काही नाही, पोर दमलंय, झोपू द्या म्हणाला. पण तासाभरात उठली नाही तर दवाखान्यात आणा. नवरा गाडीची सोय करायला खाली गेला. बाहेर नुकतंच अंधारायला लागलं होतं. मी नखांच्या कात्रीने एकेक टाका कापत बसले. कापलेले दोरे चादरीवर पडत होते आणि मी मनातल्या मनात जे सुचेल त्या देवाचं नाव घेत होते.

शेवटचा टाका कापला आणि खोलीत तो वास आला.

सासूबाई पायथ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. मग पलंगाची पलीकडची बाजू, जिथे कुणीच नव्हतं, ती हळूच खाली दबली. कुणीतरी अगदी सावकाश टेकल्यासारखी. चादरीला एक खळगा पडला. चिंगी झोपेतच त्या खळग्याकडे वळली.

मी तिला उचलायला गेले. उचलेना. माझी एवढीशी पोर, जिला मी एका हाताने कडेवर घेते, ती गादीला चिकटल्यासारखी जड झाली होती. दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. मी तिच्या काखेत हात घालून पुन्हा ओढलं.

बोलल्या त्या सासूबाई. आधी अगदी मर्यादेने, दारात आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तसं.

"अहो, मी म्हटलं ते आपलं उगीच म्हटलं. आमच्याकडे बोलायची रीत असते तशी. खरं बोलावणं नसतं ते. तुम्ही मनावर घेऊ नका."

खळगा होता तसाच राहिला.

"पोरगी नाजूक आहे. तिला तिची आई आहे."

चिंगीचा श्वास थांबला. मी मोजत नव्हते, पण तो फार वेळ थांबला. तेव्हा सासूबाई उठल्या. गुडघ्यांवर हात न टेकता, ताडकन. पलंगाला वळसा घालून त्या खळग्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि 'अहो'वरून 'अगं'वर आल्या.

"अगं, ऐक माझं. लेकराला सोड. बोलावलं मी, तर माझ्याशी काय ते बोल. तुला निजवायलाच कुणी हवं ना? मग मला निजव. हे गेल्यापासून माझा डोळ्याला डोळा लागत नाही... मला निजव."

त्या थांबल्या. दुपारसारख्याच, कुणीतरी एक वाक्य बोलावं तेवढ्याच. मग हळूच म्हणाल्या, "हो. चालेल."

गादी वर आली. चिंगीने मोठा श्वास घेतला, डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, पाणी."

नवरा धावत वर आला तेव्हा ती ग्लास दोन्ही हातांत धरून घटाघटा पीत होती. तो रडायलाच लागला. मी त्याला काही सांगितलं नाही. सासूबाई तोवर दुसऱ्या पलंगावर आडव्या झाल्या होत्या आणि गाढ झोपल्या होत्या. सकाळी आम्ही उठवलं तेव्हा म्हणाल्या, "किती दिवसांनी अशी झोप लागली गं." विमानात झोपल्या. टॅक्सीत झोपल्या.

घरी आल्याला आता बरेच महिने झाले. चिंगी ठणठणीत आहे, शाळेत जाते. त्या दुपारचं तिला काही आठवत नाही. सासूबाईंची तब्येतही सुधारली आहे. नवरा कौतुकाने सगळ्यांना सांगतो, हवापालट मानवला आईला. हाक मारली की त्या उठतात, हसतात, चार घास खातात. मात्र हाक एकदा मारायची ती हल्ली दोनदा मारावी लागते. गेल्या आठवड्यात पाचदा मारावी लागली.

आणि काल. काल मी ऑफिसातून लवकर आले. दार उघडून पर्स ठेवते तोच चिंगी आतून चवड्यांवर चालत आली, ओठांवर बोट ठेवून.

"हळू बोल ना, आई. आजीला आत्ताच निजवलंय."

"कुणी निजवलंय?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं, अशा नजरेने माझ्याकडे बघून ती तिच्या चित्रांच्या वहीकडे निघून गेली.

सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता. मऊ, एका लयीत. कुशीवरच्या माणसाच्या पाठीवर हाताने थोपटतात ना, तसा. थप... थप... थप. वाटलं, सासूबाईच स्वतःला थोपटत असतील मांडीवर, म्हातारी माणसं असं काहीबाही करतात. मी दार किलकिलं केलं.

सासूबाई भिंतीकडे पाठ करून, कुशीवर झोपल्या होत्या. तोंड माझ्याकडे. दोन्ही हात जोडून गालाखाली घेतलेले, लहान मुलासारखे.

थोपटणं चालूच होतं.