बंद मिलची दुपारपाळी

बसा. खुर्ची फडक्यानं झटकून बसा, या गल्लीची तशी पद्धतच आहे.

पंधरा दिवसांपूर्वी, अशाच टळटळीत दुपारी, सौदामिनीनं मला गच्चीवरच्या कुरडया उलटायला पाठवलं. माझ्यासारखा वार्ताहर सुट्टीच्या दिवशी घरात सापडला की बायको त्याला वाळवणावर नेमते. पण त्या कुरडयांमागं माझी बत्तीस वर्षांची पत्रकारिता होती. लातूरच्या जुन्या औद्योगिक भागातली आमची गल्ली. अलीकडे घरं, पलीकडे रामकिशनशेठची डाळमिल, मध्ये एक नाली. तुरीच्या टरफलाची धूळ अशी, की गच्चीवर पांढरी घातलेली कुरडई खाली आणेपर्यंत हळदीची व्हायची. भिंतीवरचं कॅलेंडर पाळी सुटेपर्यंत थरथरायचं. पाहुणे मुलगी बघायला आले की आमच्या पोरी ओरडून नाव सांगायच्या. दोन सोयरिकी त्यापायी मोडल्या.

त्या मिलविरुद्ध मी सत्तेचाळीस बातम्या लिहिल्या. प्रत्येक साहेबाच्या टेबलावर हात आपटून एकच वाक्य म्हणालो, "नियम दाखवा!" शेवटी यंदा मार्चमध्ये पथक आलं. दाराला लाखेचं सील लागलं. त्याआधीच शेठनं सगळी मशिनरी उपसून धर्माबादच्या एका व्यापाऱ्याला विकली होती. 'अखेर डाळमिल बंद!' पहिल्या पानावर, माझ्या नावानिशी. बत्तीस वर्षांत माझ्या एकाही बातमीचा खुलासा छापावा लागलेला नाही. हे ध्यानात ठेवा.

तर, मी तिसरी कुरडई उलटली आणि आवाज आला.

घर्रर्र... खट्. घर्रर्र... खट्.

आधी वाटलं, कानाची सवय. मग पायाखालची गच्ची थरथरायला लागली. शेजारच्या गच्चीवर कमलम्मा मिरच्या पसरत होती, शांतपणे.

"कमलम्मा, आवाज येतोय का हो?"

"येतोय की. आठ दिस झाले. दोनला सुरू, सहाला बंद."

"अहो, आत मशीन नाही!"

"नसंना का! माझी नात तर झोपून राहिली ना. मिल बंद झाली तशी पोरगी शांततेनंच दचकून उठत होती." मग ती कठड्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, लिहू नका बरं. धूळ न्हाई, घाण न्हाई, नुसता आवाज. असली मिल पुन्हा मिळायची न्हाई."

ती बाई भुतावर खूश होती. मी मात्र कुरडया तशाच टाकून खाली उतरलो. मिल चालू असेल, तर माझी बातमी खोटी होती.

बातमी म्हटली की दोन्ही बाजू घ्याव्या लागतात. मी शेठला फोन लावला. तो खो-खो हसला. "माधवराव, छापा की खुलासा! बंद मिल चालू हाय म्हणून. मी पेढे वाटतो."

दुसऱ्या दिवशी दोनच्या आधीच मी मिलच्या दारात उभा राहिलो. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. डांबर वितळून चपलेला धरत होतं. लाखेचं सील शाबूत, कुलपावर कोळ्याचं जाळं. दोन वाजले. आत घरघर सुरू झाली, आणि भिजवून वाळवलेल्या तुरीचा तो वास आला. मी पत्र्याच्या दाराला कान लावला. एप्रिलच्या उन्हात तो पत्रा... गार होता. माठासारखा.

मी आवाज चढवला. "मी माधवराव, वार्ताहर. या प्रकरणी आपलं म्हणणं काय?"

घरघर थांबली.

आत चपला फरफटत दाराशी आल्या. कुणीतरी खोकलं. तो खोकला मला पाठ होता. मुकादम नागप्पा. रोज दोनला तो याच दारात हजेरी घ्यायचा. ती नावं ऐकू आली की आमच्या घरात कुकर चढायचा. नागप्पाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"सिद्धलिंग..."

"हाय."

"व्यंकट..."

"हाय."

"सरजाबाई..."

"हाय जी."

पत्र्याच्या पलीकडून, वीतभर अंतरावरून. या तिघांची निधनवार्ता मी स्वतः छापली होती. त्या बातम्यांचाही खुलासा आला नव्हता.

पान उलटल्याचा आवाज झाला.

"माधवराव..."

अनोळखी हाक तीनदा आल्याशिवाय ओ देऊ नये, असं माझी आई सांगायची. पण बत्तीस वर्षं पत्रकार परिषदांत बसलेला माणूस मी. नाव पुकारलं की हात वर जातो, नाहीतर आपला प्रश्न दुसरा विचारतो.

"हाय!" मी म्हणालो.

आत पेन कागदावर खरखरलं. मिल सुरू झाली.

घरी येऊन मी ऊन लागल्याचं सांगितलं. आजवर मी दिवसा कधी झोपलेलो नाही. त्या दिवसापासून मात्र पावणेदोनला जांभई येते, या खुर्चीतच डोळा लागतो, आणि जाग येते ती सहाला. सौदामिनी त्या वेळी शिकवण्या घ्यायला बाहेर जाते, घरात कुणी नसतं. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी कमलम्मा तणतणत आली.

"साहेब, मिलमध्ये नवा माणूस आलाय. लई भांडकुदळ! मुकादमाला म्हणतो, तोंडाला बांधायला फडकं का दिलं न्हाई, नियम दाखवा! चार तास तेच. नात उठून बसून राहिली. त्याला जरा गप करा की."

सौदामिनी ते ऐकून उठली. मग गच्चीवरून कुरडयांचं सूप घेऊन आली. कुरडया पांढऱ्याशुभ्र. तिनं माझ्या अंगातल्या बनियनवर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"कुठं जाऊन राहिलात तुम्ही?" तिनं विचारलं.

हा बघा, खुलासा लिहून ठेवलाय. आयुष्यातला पहिला. 'सदर मिल बंद झालेली नाही.' पण एकट्याच्या सांगण्यावर मी कधी बातमी दिली नाही, खुलासा तरी कसा देऊ? म्हणून तुम्हाला बोलावलं.

पावणेदोन झाले वाटतं. जांभई आली बघा...

तुम्ही उठू नका. मी झोपलो की नुसतं बघत बसा, दोन वाजल्यावर या खुर्चीत मी आहे का. आणि आतून तुमचं नाव पुकारलं, तर कृपा करून हात वर करू नका.