अनवाणी पायाचा फर्मा

"वाटेत कुणाशी बोलायचं नाही, दर्शना. देवीचं नाव घेत जायचं नि घेत यायचं," आई म्हणालेली.

म्हणूनच दुर्गाडी किल्ल्याच्या उतारावर पायात काच रुतली तेव्हा मी ओरडलेसुद्धा नाही. नवरात्रात मी अनवाणी चालते. जवळच्या चपलांच्या दुकानाच्या पायरीवर नुसती बसले. आतून एक तरुण चिमटा घेऊन आला – उत्तम, हे नाव मला नंतर कळलं.

"पायाला हात नका लावू हो..."

"मग काच काय आरती म्हणून काढू?"

मला हसू आलं, आणि लगेच धस्स झालं. रस्त्यावरचं प्रत्येक माणूस बाबांच्या ओळखीचं वाटत होतं. काच निघाली. त्याने सहज दोऱ्याने माझं पाऊल मोजलं. "नवरात्र संपल्यावर चप्पल लागेलच ना?"

मग रोज देवळात जाताना मान खाली... तरी नजर त्या पायरीकडेच. तो विचारायचा, "पाय कसाय?" मी नुसती मान हलवायची. बोलले नाही गं, असं देवीला सांगायची.

खंडेनवमीला मात्र पाय थांबले. दुकानात काम बंद होतं. रापी, आरी, हातोडा धुऊन पाटावर मांडलेले, त्यांना हळदकुंकू वाहिलेलं.

"कल्याणला रेल्वे आली ना, तेव्हा आमचे खापरपणजोबा ही हत्यारं घेऊन इथे आले," उत्तम म्हणाला. "रूळ टाकणाऱ्यांचे जोडे शिवायला."

शेजारी लाकडी पावलं होती – फर्मे, ज्यांच्यावर जोडा बेततात. सगळे जुने, काळे पडलेले. एकच पांढराफटक, नवा.

"हा कुणाचा?"

"तुझा."

मी शेजारी पाऊल ठेवून पाहिलं. "एवढा मोठा? माझा पाय आहे की हत्तीचा?"

"चालून चालून सुजलेला होता तेव्हा. सुजल्या पायाचं माप घ्यायचं नसतं, पण... लक्ष पायावर नव्हतं ना –"

"कुठे होतं?"

तो लाजला. मग हळूच म्हणाला, "गिऱ्हाइकाला तयार फर्मा चालतो. आमच्याकडे वेगळा कोरतात तो फक्त घरच्या माणसाचा."

मला स्वप्नाताई आठवली, माझी थोरली बहीण. तिने जातीबाहेर लग्न केलं, त्या दिवसापासून बाबांनी तिचं नाव घरात घेऊ दिलेलं नाही. आई तिच्यासाठी रडते तेही नळ सोडून. आणि उद्या, दसऱ्याला, मला बघायला डोंबिवलीहून पाहुणे येणार होते.

"मी येऊ बाबांशी बोलायला?"

"नको! ते तुला नको ते बोलतील... मला ऐकवणार नाही."

"मग?"

"मी बोलेन. पाहुणे यायच्या आधी." पहिल्यांदाच मी त्याच्याकडे सरळ पाहिलं. "देवीशप्पथ."

"घाबरलीस?"

"खूप."

"मी पण."

दसऱ्याच्या सकाळी पूजेला बसले, पण स्तोत्र सारखं अडखळत होतं. आई पाहुण्यांसाठी शिरा ढवळत होती. बाहेर बाबा गाडीला झेंडूची माळ बांधत, शेजाऱ्यांशी मोठ्याने हसत होते. ताई गेल्यापासून असं हसणं मी ऐकलंच नव्हतं...

मी ओढणी सावरली, देव्हाऱ्यापुढून उठले आणि आवाज न करता अंगणात बाबांकडे निघाले.